मुगुमो बँडचे सिंगापूरचे चार श्रोते

बुकित बातोकच्या त्या फ्लॅटमध्ये मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा खोलीआधी घड्याळच दिसलं. पितळी कडेचं, ताटाएवढं, आणि पांढऱ्या तबकडीवर लाल रंगाच्या दोन फाका. एक पंधरा मिनिटांपासून अठरापर्यंत, दुसरी पंचेचाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत.

"वॉशिंग मशीन कधीही लाव," निशिकांतकाका म्हणाले. "कुकर कधीही लाव. मिक्सरला माझी हरकत नाही. फक्त काटा लालवर असला की बोलायचं नाही. तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटं."

"आणि फोन आला तर?"

"वाजू दे. बंदी आपल्या बोलण्यावर आहे, वाजण्यावर नाही."

मला वाटलं, म्हातारा विक्षिप्त आहे. पण तिथून युनिव्हर्सिटीला एकाच बसने जाता येत होतं आणि स्वयंपाकघरात फोडणीचा वास होता, म्हणून मी हो म्हटलं.

निशिकांत देवस्थळी मूळचे मिरजेचे. वीस वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. खलाशी त्यांना 'मार्कोनी साब' म्हणत. जहाजावर इतर सगळे पाळीने, जोडीने काम करतात. रेडिओरूममध्ये माणूस एकटाच. कानाला हेडफोन लावून तो अख्ख्या समुद्राची मोर्स कोडमधली कट-कड-कट ऐकत बसतो आणि ऐकलेलं प्रत्येक वाक्य वेळेसकट लॉगबुकात उतरवतो. ते लाल फाकांचं घड्याळ त्याच खोलीतलं. त्या तीन मिनिटांत जगातल्या सगळ्या जहाजांनी गप्प बसायचं असा नियम होता. कुठे कुणी बुडत असेल, त्याचं यंत्र अशक्त झालं असेल, तर त्याची क्षीण हाक इतरांच्या बडबडीत हरवू नये म्हणून.

"कधी ऐकू आली?" मी एकदा विचारलं.

"दोनदा. वीस वर्षांत दोनदा." मग घड्याळाकडे बघत, "पण गप्प रोजच बसायचो."

मग उपग्रह आले. नव्या यंत्रणेत रेडिओ ऑफिसरची गरज उरली नाही, लाल मिनिटांचा नियमही रद्द झाला. काकांचं शेवटचं जहाज सिंगापूरला लागलं होतं. तिथेच जहाजांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये त्यांना काम मिळालं. मग पत्नी अरुणा आणि मुलगा रुचिर आले, बुकित बातोकला हा फ्लॅट झाला. अरुणाकाकू जाऊन आता नऊ वर्षं झाली. रुचिर मरीन परेडला एका काँडोमध्ये राहतो, बायको आणि दहा वर्षांची मुलगी ऋग्वेदा यांच्यासह. या बेटावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला सव्वा तास लागतो, आणि सव्वा तासाचं अंतर माणसं किती काळ न ओलांडता राहू शकतात हे मला काकांकडे राहायला गेल्यावर कळलं.

मला काकांबद्दल सांगायचंय ते त्यांच्या रेडिओ कार्यक्रमासंबंधी.

सिंगापूरच्या काही मराठी मंडळींनी हौसेने एक इंटरनेट रेडिओ चालवला आहे. सकाळी अभंग, संध्याकाळी नाट्यगीतं, शनिवारी मुलांसाठी गोष्टी. काकांना रविवारी दुपारी अडीच ते तीन ही वेळ मिळाली होती, कारण त्या वेळी सगळे जेवून झोपलेले असतात. कार्यक्रमाचं नाव 'लांबचं स्टेशन'. सुरुवातीला काका देशोदेशीची गाणी लावत. नंतर हळूहळू एकाच ठिकाणची लावू लागले. मग एकाच बँडची.

त्या बँडचं नाव मुगुमो स्ट्रिंग बँड. केनियातल्या कारातिना नावाच्या बाजारगावचा. दोन गिटार, एक बेस, एक ड्रम, गाणी किकुयु भाषेत. काकांच्या श्रोत्यांपैकी कुणालाही ती भाषा येत नव्हती, काकांनाही नाही. "मुगुमो म्हणजे तिकडचा उंबर समजा," असं ते कार्यक्रमात सांगत. "तिकडची माणसं त्याच्याखाली प्रार्थना करायची. त्यामुळे नाव साधं नाही."

ही सगळी गाणी एका कॅसेटवरची; कॅसेट मोम्बासाच्या बाजारातली, सत्त्याऐंशी सालची. लग्नानंतर अरुणाकाकू चार महिने त्यांच्याबरोबर जहाजावर होत्या. एका दुकानाच्या भोंग्यावर गाणं लागलं होतं आणि काकू रस्त्यातच थांबल्या. काकांना जहाजावर परतायची घाई होती. काकू म्हणाल्या, "गाणं संपू द्या." मग त्यांनीच कॅसेट घेतली.

पाच वर्षांपूर्वी काकांनी कॅसेटच्या वेष्टनावर छापलेल्या पोस्ट बॉक्सच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. आठ महिन्यांनी उत्तर आलं. मुख्य गिटारवादक न्जोरोगे हयात होते. सत्तरी ओलांडलेली, थोडा चहाचा मळा, सायकलदुरुस्तीचं दुकान. बेसवाला मुरीगीही होता. बाकीचे दोघे गेले होते. बँड तेव्हा पंधरा वर्षं बंद होता आणि त्यांच्या गावातही आता तो कुणाला आठवत नव्हता. पत्रांचं व्हॉट्सॲप झालं. न्जोरोगे इंग्रजीत प्रत्येक गाण्याचा अर्थ सांगत, काका तो मराठीत करून श्रोत्यांना सांगत. हे गाणं हरवलेल्या बकरीचं. हे गाणं सासऱ्याला उशिरा दिलेल्या मधाचं. आणि रविवारी, तिकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असताना, न्जोरोगे चर्चची पहिली प्रार्थना चुकवून नातवाच्या फोनवर 'लांबचं स्टेशन' ऐकत.

कार्यक्रमाला फर्माइशी येत. निदान काका तसं सांगत.

"पुढचं गाणं ऐकायचंय बुकित बातोकच्या अरुणा यांना. नोव्हेनाच्या वसुधा, मरीन परेडचे प्रबोध आणि छोटी ऋग्वेदा यांनीही हेच गाणं मागितलंय."

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते स्वयंपाकघरात भेंडी चिरताना. भिंतीपलीकडून काकांचा आवाज आधी यायचा आणि माझ्या फोनवर तोच आवाज वीस सेकंदांनी. त्यामुळे 'अरुणा' हे नाव मी दोनदा ऐकलं. समोर फ्रिजवर काकूंचा फोटो होता, खाली तारखांसह.

मी सुरी ठेवून फोन पुढे ओढला. रेडिओच्या पानावर ऐकणाऱ्यांचा आकडा दिसतो. त्या वेळी तो तीन होता. एक मी. एक काकांचाच दुसरा फोन, आवाज नीट जातोय ना बघायला. आणि एक कारातिनात.

गेल्या ऑगस्टमध्ये एका बुधवारी मी घरी आले तर काका हॉलमध्ये उभे होते. बसायला जागा असताना उभे. हातात फोन.

"ऐक," ते म्हणाले.

न्जोरोगेंनी गाणं पाठवलं होतं. नवं. एकोणीस वर्षांनंतरचं. गिटार जुन्या कॅसेटमधल्यासारखीच, तुरतुर चालणारी, आवाज मात्र खरखरीत झालेला. तिसऱ्या कडव्याला गिटार थोडी मागे सरली आणि तो म्हातारा आवाज गाऊ लागला: "अरुणा वा बुकित बातोक... वसुधा वा नोव्हेना..." मग प्रबोध. मग ऋग्वेदा, तिच्या नावावर मागून मुरीगीचा एक आनंदी हाकारा.

त्यांच्याकडे ही रीत आहे, काकांनी नंतर सांगितलं. ज्यांनी बँडला धरून ठेवलं त्यांची नावं गाण्यात घ्यायची, गावासकट; 'वा' म्हणजे त्या गावचा. गावातला कापडवाला, बसचा मालक, लग्नात नाचलेली मावशी. नाव घेतलं की तो माणूस त्या गाण्याचा होतो.

गाण्यामागे निरोप होता. न्जोरोगे म्हणत होते की तुमच्या चौघांमुळे मी गिटार पुन्हा खाली काढली. मुरीगी म्हणाला, कोण ऐकणार? मी म्हटलं, सिंगापूरचे चौघे. रविवारी तुम्ही हे गाणं लावाल, तेव्हा त्या चौघांना दोन-दोन शब्द बोलू द्या. मला त्यांचे आवाज ऐकायचेत. मुरीगीला घरी बोलावलंय.

काका फोनकडे बघत राहिले. घड्याळाचा काटा लालवर आला, म्हणून आम्ही दोघंही तीन मिनिटं काही बोललो नाही. मला त्या नियमाचा पहिल्यांदाच उपयोग वाटला.

"काका," मी म्हटलं, "त्यांना कळलं तर..."

"तर तो गिटार परत टांगेल." ते खाली बसले. "आणि मला फोन करणं थांबवेल. या घरात स्वतःहून येणारा फोन त्याचाच आहे, तुझ्या लक्षात आलं असेल."

आलं होतं.

काकांनी नव्या गाण्याचं आणि न्जोरोगेंच्या निरोपाचं कळवल्यावर रेडिओचं सगळं बघणारी क्षिप्राताई दुसऱ्या दिवशी फोनवर उत्साहाने ओरडलीच. तिला खरी गोष्ट माहीत नव्हती. "काका, भारी! इंटरनॅशनल झालो की आपण! चौघांना आणा ना, फोटोपण काढू. आणि प्लीज, या वेळी मध्ये तीन मिनिटं डेड एअर नको हं."

"ती ऐकायची वेळ असते, क्षिप्रा."

"अहो, पण ऐकायला काही नको का?"

तिचंही बरोबर होतं. पावणेतीनला काका खरोखर कार्यक्रम थांबवून तीन मिनिटं गप्प बसत. रेडिओच्या कमिटीच्या तीन मीटिंगांमध्ये हा विषय झाला होता.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "मी वसुधा होते. माझ्या मैत्रिणीला अरुणा करू. मराठी मंडळातले कुणी काका प्रबोध होतील. त्यांना काय कळणार आहे?"

ते माझ्यावर रागावले नाहीत. आत गेले आणि एक जुनं लॉगबुक घेऊन आले, निळ्या कापडी बांधणीचं. पानापानावर वेळा आणि इंग्रजीत बारीक अक्षर. "वीस वर्षं," ते म्हणाले. "यात एक ओळ खोटी नाही. वादळात दोन तास यंत्र बंद होतं तर तसं लिहिलंय, यंत्र बंद होतं. ऐकलं नाही ते ऐकलं म्हणून लिहायचं नाही, एवढंच तर काम होतं माझं."

मग पानं उलटत, स्वतःशीच बोलावं तसं:

"तसं बघायला गेलं तर चौघांनीही ऐकलंय ते. अरुणाने तर स्वतः मागून घेऊन ऐकलं. वसुधा, माझी बहीण, मिरजेला सुट्टीत मी कॅसेट लावली की हसून लोळायची, म्हणायची दादा, यांची बकरी सापडली का नाही अजून? कोविडात गेली. मला जाता आलं नाही. प्रबोध आमचा थर्ड इंजिनियर, डेकवर नाचायचा यावर. कुठे असतो आता, देव जाणे. आणि ऋग्वेदा बाळ असताना याच्याशिवाय झोपायची नाही. फर्माइशी खऱ्याच आहेत गं. फक्त जुन्या आहेत."

"मग नावांपुढे इथले पत्ते कशाला दिलेत?"

"जवळ वाटावेत म्हणून."

शुक्रवारी संध्याकाळी ते म्हणाले, "मरीन परेडला चल माझ्याबरोबर. तू असलीस की रुचिर मराठीत बोलतो."

रुचिरचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. बाल्कनीतून समुद्र दिसतो आणि समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं, बंदरात शिरायची वाट बघणारी. काका नेहमी बाल्कनीच्या दाराशी बसतात. त्यांनी नेलेल्या डब्यात तिळाच्या वड्या होत्या. रुचिर लॅपटॉप मिटून येऊन बसला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं, "आईचं नाव?"

"हो."

"दर रविवारी?"

"दर रविवारी नाही. महिन्यातून एकदा-दोनदा. आलटून पालटून."

"बाबा, तुम्हाला कुणाशी बोलायचं होतं तर मला फोन करायचा."

"केला होता."

रुचिरने खिशातला फोन काढून टेबलावर पालथा ठेवला.

"तू मीटिंगमध्ये होतास," काका समजुतीने म्हणाले. त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण लगेच डबा उघडून पुढे केला. "वडी घे."

ऋग्वेदा सोफ्याच्या पाठीवर हनुवटी टेकून ऐकत होती. "बट आजोबा, आय नेव्हर आस्क फॉर एनी साँग, लाह," ती इथल्या शाळकरी, सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"तू मागायचीस. रडून मागायचीस. तीन महिन्यांची होतीस."

"दॅट ओन्ली क्राइंग. कॅनॉट काउंट वन."

काका हसले. मी त्यांना तसं हसताना क्वचितच पाहिलं होतं. "रविवारी येतेस? ते आजोबा तुझा आवाज ऐकणारेत. चौघांतली तू एकटीच आहेस गं, आणता येण्यासारखी."

तिने बाबाकडे पाहिलं. बाबाने फोनमधल्या कॅलेंडरकडे पाहिलं. "रविवारी तिचा अबॅकस आहे, बाबा. दीड ते साडेतीन. फी भरलीय टर्मची..." तो मध्येच थांबला. "आणि खरं सांगू? आईचं नाव असं... मला ते ऐकवणार नाही."

"बरं," काका म्हणाले.

परतताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, ते एकदाच बोलले. "त्या जहाजांवर आता ऐकायला कुणी बसत नाही. यंत्र आपोआप ऐकतं."

शनिवारी दुपारी त्यांनी न्जोरोगेंना निरोप पाठवला. दार उघडं होतं. इंग्रजी सावकाश आणि स्पष्ट, मायक्रोफोन तोंडापासून चार बोटं लांब. आधी तारीख, मग वेळ, मग ठिकाण, लॉगबुकात लिहावं तसं. मग एकेक नाव आणि त्यासमोर जे खरं ते. अरुणा, माझी पत्नी, मृत. वसुधा, माझी बहीण, मृत. प्रबोध, ठावठिकाणा माहीत नाही. ऋग्वेदा, माझी नात, हयात, उद्या येऊ शकत नाही. श्रोते तीन, त्यातला एक मी, एक तुम्ही. शेवटी म्हणाले, हे मी आधीच कळवायला हवं होतं. यंत्र बंद नव्हतं. मीच कळवलं नाही.

दोन निळ्या खुणा चार वाजता उमटल्या. उत्तर आलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. रेडिओवर कुणी दिसत नाही, पण ते म्हणतात आवाजात कळतं. अडीचला कार्यक्रम सुरू झाला. मी स्वयंपाकघरात होते, फोन ओट्यावर. आकडा दोन होता. मी आणि काकांचा फोन. कारातिना नव्हतं.

काकांना समोर तोच आकडा दिसत असणार. तरीही त्यांचा आवाज हलला नाही. त्यांनी मुगुमो बँडची ओळख करून दिली, जशी दर वेळी करून देत. मग म्हणाले, "आता जे गाणं लावतोय त्यात चार नावं आहेत. ती नावं या कार्यक्रमात तुम्ही ऐकलीत. त्या फर्माइशी आल्या नव्हत्या, मी लिहिल्या होत्या. अरुणा माझी पत्नी. ती नऊ वर्षांपूर्वी गेली. ही कॅसेट तिने घेतली होती, मला घाई असताना." बाकीच्या तिघांबद्दलही त्यांनी एकेक वाक्य सांगितलं आणि गाणं लावलं.

भिंतीतून एकदा आणि फोनमधून एकदा, वीस सेकंदांच्या अंतराने, न्जोरोगेंनी अरुणाकाकूंचं नाव घेतलं.

गाणं संपलं तेव्हा पावणेतीन झाले होते. भिंतीपलीकडे शांत झालं. माझ्या फोनमध्ये गिटार अजून थोडा वेळ वाजत राहिली, मग तीही थांबली. मी आकड्याकडे पाहत होते. दोन. दोन. काटा अर्ध्या लालवर आला असेल, तेव्हा तीन झाला. मग चार. शांततेत कोण येऊन बसलं हे त्या पानावरून कळत नाही. तिथे फक्त आकडा असतो.

पावणेतीन वाजून तीन मिनिटांनी काकांनी घसा साफ केला आणि हरवलेल्या बकरीचं गाणं लावलं.

न्जोरोगेंचं उत्तर मंगळवारी आलं, आम्ही जेवत असताना. काकांनी हात धुतले, पुसले, मग फोन टेबलावर मधोमध ठेवला. मला उठू दिलं नाही.

न्जोरोगेंचा आवाज रागावलेला होता. लपवलेला राग नव्हता. तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं, ते म्हणत होते. मी जिवंत बाईचं नाव घेतात तसं तिचं नाव घेतलं. उड्या मारत. तुमच्या बहिणीचंही. असं करत नाहीत. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं तर हळू गायचं असतं, आणि गिटार थांबवायची असते. रविवारी मी ऐकलं, उशिरा ऐकलं, कारण ते गाणं संपेपर्यंत मला ऐकायचं नव्हतं. तुमची ती तीन मिनिटं ऐकली. मुरीगीशी बोललो. आम्ही पुन्हा रेकॉर्ड करतोय. दोन नावं हळू. एका नावाबद्दल तुम्हालाही माहीत नाही, ते तसंच ठेवू. मुलीचं नाव जलदच राहील.

मग खूप खोकला. मग, निरोप संपला असं वाटत असताना, "तुमच्या पत्नीला कोणतं कडवं आवडायचं ते कळवा."

काकांनी तो निरोप पुन्हा एकदा लावला. भात गार झाला.

"मला माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. "तिने सांगितलं असेल. मी कानाला हेडफोन लावून बसलेलो असायचो."

याला आता पाच महिने झाले. नवं गाणं आलेलं नाही. मुरीगीला इस्पितळात नेलं होतं, मग पावसाने वीज गेली होती, मग चहाची तोडणी. न्जोरोगे दर आठवड्याला कारण कळवतात आणि काका ते लॉगबुकाच्या कोऱ्या पानांवर तारखेसकट लिहून ठेवतात. कडव्याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही. रोज संध्याकाळी जुनी कॅसेट लावतात आणि काकूंची खुर्ची असायची त्या बाजूला बघत ऐकतात. कोणत्या ओळीला तिचा भाजी निवडणारा हात थांबायचा, ते आठवायचा प्रयत्न करतात.

'लांबचं स्टेशन'मध्ये आता फर्माइशी नसतात. आकडा तीन असतो, कधी चार.

गेल्या महिन्यात अबॅकसची टर्म संपली. एका रविवारी रुचिर ऋग्वेदाला खाली सोडून पार्किंग शोधायला गेला आणि बराच वेळ वर आला नाही. ती आतल्या खोलीत काकांशेजारी स्टुलावर बसली. पावणेतीनला काकांनी माइकसमोर बोट ओठांवर ठेवलं. मी दारात उभी होते. ती घड्याळाकडे बघत होती, पाय हलवत. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं.

"आजोबा," ती अगदी हळू म्हणाली, "कॅन टॉक ऑलरेडी?"

काकांनी मान हलवून नाही म्हटलं आणि ऐकत राहिले.